शून्याचे वीस टक्के

अवर्षणाने पीक बुडाले म्हणजे रयतेला बी-बियाण्यांसाठी आणि बैलांसाठी तगाई मिळावी, अशी तजवीज इंग्रज सरकारने 1884 च्या कायद्यान्वये केली होती. तगाई हे दान नव्हे, कर्ज होय, हे रयतही जाणून असे. 2020 च्या मे महिन्यात केंद्र सरकारने महामारीच्या निवारणार्थ वीस लक्ष कोटी रुपयांच्या साहाय्याचा जो उद्घोष केला, त्यातील लघुउद्योगांचा हिस्सा पाहिला असता याच तगाईचे स्मरण होते. फरक इतकाच की, या नव्या तगाईसाठी मनुष्य आधीपासूनच ऋणको असावा लागे.

हिश्श्यातील सर्वांत मोठी योजना तीन लक्ष कोटींच्या कर्जहमीची. 29 फेब्रुवारी 2020 रोजी ज्याच्या खात्यावर जेवढे कर्ज शिल्लक असेल, त्याच्या वीस टक्के रक्कम बँकेने नव्या तारणावाचून, सरकारच्या हमीवर, चार वर्षांच्या मुदतीने द्यावी, असा तिचा नियम होता.

आता पुण्याच्या पेठांत विद्यार्थ्यांच्या जिवावर चालणारी एखादी खानावळ डोळ्यांसमोर आणावी. मार्चमध्ये मुले आपापल्या गावी परतली आणि डब्यांचे पैसे बंद झाले. जागेचे भाडे आणि पोळ्या लाटणाऱ्या बायकांचा पगार मात्र बंद होणारे नव्हते. मालकीणबाईंनी कर्ज न काढणे ही आयुष्यभर अब्रूची गोष्ट मानलेली. त्या बँकेत गेल्या तर शून्याचे वीस टक्के शून्यच. मुद्रा योजनेतील शिशुकर्जावर दोन टक्के व्याजसवलत जाहीर झाली, तीही नियमित फेड करणाऱ्या जुन्या कर्जदारांना. जूनमध्ये पथविक्रेत्यांसाठी दहा हजारांचे कर्ज आले. पण बाईंची चूल छपराखाली! पुढे एप्रिल 2021 मध्ये राज्य सरकारने अधिकृत फेरीवाले व परवानाधारक रिक्षाचालक यांना दीड हजार रुपये देऊ केले, त्या यादीतही त्यांचे नाव बसेना. रस्त्यावर नाहीत म्हणून फेरीवाल्या नव्हेत, आणि देणे नाही म्हणून बँकेच्या लेखी उद्योजिकाही नव्हेत.

यात कोणाची दुष्टबुद्धी होती असे मला वाटत नाही. ज्याचे दप्तर आधीच हाताशी आहे त्याला पैसा त्वरित पोहोचविता येतो, हा हिशेब चुकीचा नव्हता. अमेरिकेतही, जेथे वेतनावर खर्च झालेले कर्ज माफ होणार होते, तेथे 3 एप्रिल 2020 पासून वाटलेले 349 अब्ज डॉलर तेरा दिवसांत संपले, आणि अनेक बँकांनी प्रथम परिचित खातेदारांनाच हात दिल्यामुळे पुष्कळसे लहान दुकानदार तिष्ठत राहिले. नव्याने मुद्रा कर्ज मागण्याचा मार्ग बाईंना मोकळा होता, नाही असे नाही. परंतु तेथे व्यवसायाचा लेखी पुरावा हवा, आणि रोखीने चालणाऱ्या खानावळीचा जमाखर्च असतो भिंतीवरच्या दिनदर्शिकेत.

ऑगस्ट 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेने सोन्याच्या दागिन्यांवर, किमतीच्या 75 ऐवजी 90 टक्क्यांपर्यंत कर्ज देण्याची मुभा बँकांना 31 मार्च 2021 पर्यंत दिली. या सवलतीस पूर्वीच्या कर्जखात्याची अट नव्हती. हातात पाटल्या असल्या म्हणजे पुरे.