यात्रेतील रसिक

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात शिरूर आणि दौंड हे दोन तालुके एकमेकांस लागून आहेत. चैत्र लागला, शेतातील कामे उरकली, म्हणजे येथील गावोगावी ग्रामदैवतांच्या यात्रा सुरू होतात. यात्रा दोन-तीन दिवस चालते. देवदर्शन हा तिचा मुख्य हेतू खरा. परंतु गाण्याची आवड असणाऱ्यास ती एक लांबलेली मैफलच वाटते. रात्री पालखीचा छबिना निघतो, तेव्हा ढोल आणि लेझीम यांचा गजर होतो. देवळात भजन रंगते. गावाबाहेरच्या मोकळ्या रानात तमाशाचा फड उभा राहतो. एकाच गावची माणसे अशा वेळी कोणत्या गाण्याकडे वळतात आणि का वळतात, हे पाहण्यासारखे आहे.

सर्वांत मोठी गर्दी तमाशाला. कोणता फड आणावयाचा याची चर्चा आधीच झालेली असते. गावकरी नारायणगावी जातात. तेथे निरनिराळ्या फडांच्या राहुट्या उभारलेल्या असतात आणि तेथेच सुपारी ठरते. शिरूर तालुक्यातील कवठे येमाई हे तर तमाशा कलावंतांचेच गाव. त्यामुळे इकडचा श्रोता सहजासहजी खूष होत नाही! तमाशाचा आरंभ गणाने होतो. मग गौळण, मग लावण्या आणि शेवटी वग. तरुण मंडळी लावणीला आणि ढोलकीच्या बोलांना दाद देतात. वडीलधारी माणसे वगाची वाट पाहत बसतात. वग म्हणजे गाण्यांत गुंफलेले नाटकच. पुराणातील राजा असो की गावातील सावकार, त्याची कथा सावकाश उलगडत जाते आणि सोंगाड्या मध्येच हजरजबाबीपणाने सर्वांस हसवितो.

लावणीच ऐकावयाची, तीही निवांतपणे, असे ज्यास वाटते तो संगीत बारीकडे वळतो. दौंड तालुक्यातील चौफुला हे ठिकाण त्यासाठी प्रसिद्ध आहे. येथे फडासारखा अफाट जनसमुदाय नसतो. पेटी, तबला आणि ढोलकी यांच्या साथीने बैठकीची लावणी चालते. गायिका एकच ओळ पुनःपुन्हा घेते. पण दर वेळी तिचा भाव निराळा असतो. एकदा रुसवा, एकदा आर्जव, एकदा थट्टा. हे बारकावे टिपावयाचे तर श्रोता जवळच बसलेला हवा.

भजन-कीर्तनाचा श्रोतृवर्ग याहून वेगळा. गावात अखंड हरिनाम सप्ताह बसतो, तेव्हा सात दिवस वीणा खाली ठेवली जात नाही. पहारेकरी ती एकमेकांच्या गळ्यात देत राहतात. पहाटे काकडा, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि अखेरच्या दिवशी काला. ज्येष्ठ-आषाढात तुकाराम महाराजांची पालखी दौंड तालुक्यातून जाते. यवत आणि वरवंड येथे तिचे मुक्काम होतात, आणि टाळ-पखवाजाचा नाद सगळ्या परिसरात भरून राहतो. कीर्तनाला स्त्रियांची मोठी उपस्थिती असते. स्त्रियांना भजनच अधिक आवडते, असे यावरून कोणी म्हणेल. ते पुरते खरे नव्हे. तमाशाच्या फडासमोर पुरुषांत जाऊन बसणे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या शक्यच नव्हते. ज्या गाण्याजवळ बसता आले, त्याची गोडी लागली.

बसावयास जागा हवी, तशी ऐकावयास वेळही हवी. इ. स. 2000 मध्ये ध्वनिप्रदूषणाचे नियम झाले. रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत ध्वनिक्षेपक लावण्यास बंदी आली. वर्षातील मोजक्या दिवशी 12 वाजेपर्यंत सवलत मिळू शकते. आजारी माणसाच्या व अभ्यास करणाऱ्या मुलांच्या दृष्टीने हा नियम योग्यच आहे. परंतु पहाटेपर्यंत चालणाऱ्या वगाला आता रात्रच पुरत नाही. लावण्या होतात, वग आखडतो; आणि ज्याने पूर्ण वग कधी पाहिलाच नाही, तो त्याची मागणी तरी कशी करणार?

हीच अडचण शास्त्रीय संगीतासही आली. पंडित भीमसेन जोशी यांनी आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ 1953 मध्ये पुण्यात संगीत महोत्सव सुरू केला. दौंड हे रेल्वेचे मोठे जंक्शन असल्याने तेथील रसिकास पुणे काही दूर नाही. पूर्वी या महोत्सवात रात्र रात्र गाणे चाले. रागांना प्रहरांचे बंधन असते. मालकंस रात्रीचा, तर ललत पहाटेचा. मैफल मध्यरात्रीच्या आत संपू लागल्यावर पहाटेच्या रागांची वेळच तिच्यातून निघून गेली.

यात्रेत मात्र एक कार्यक्रम दिवसाउजेडी होतो. रात्रीच्या खेळानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी फडातील कलावंत देवासमोर किंवा चावडीपुढे हजेरी देतात. दुपारी कुस्त्यांचा आखाडा भरावयाचा असतो. तोवर ढोलकी वाजते आणि लावण्या होतात. रात्री जागरण न सोसणारे म्हातारे श्रोते सकाळीच पुढची जागा धरून बसतात, आणि एखादी जुनी गौळण म्हणावयास सांगतात.