दीव बेट : नियम सोबत घेऊन जाण्याजोगी सुटी

व्यापारी कुटुंबात सुटी मिळणे सोपे नसते. दुकान बंद ठेवायचे तर उधारी, मालाची आवक, कामगारांच्या रजा या सर्वांचा मेळ बसवावा लागतो. तो बसला, तरी दुसरा प्रश्न उरतो. मुलांना समुद्र हवा असतो. आजी-आजोबांना चौविहार, नवकारसी आणि देवदर्शन सांभाळायचे असते. मग पुष्कळ घरांत वाटणी होते. तरुण मंडळी मुलांना घेऊन समुद्रकाठी जातात आणि वडीलधारी घरी राहतात किंवा स्वतंत्रपणे तीर्थयात्रेला जातात. नियम पाळणारा सुटीत अडचणीचा ठरतो, हा संस्कार मुलांच्या मनावर नकळत उमटतो, ही या वाटणीची खरी किंमत होय.

ही वाटणी टाळता येईल अशा स्थळांमध्ये सौराष्ट्राच्या दक्षिण किनाऱ्यालगतचे दीव बेट अग्रभागी ठेवावे लागेल. सुमारे चाळीस चौरस किलोमीटरच्या या प्रदेशात किल्ला, गुंफा, स्वच्छ समुद्रकिनारे आणि देरासर असे सारे काही आहे, आणि पूल ओलांडून तासाभराच्या आत दोन जैन तीर्थे गाठता येतात. मुंबईहून वेरावळपर्यंत रेल्वेने आणि पुढे सुमारे नव्वद किलोमीटर मोटारीने जाता येते.

पंचांग आणि भरती-ओहोटी

समुद्राचे वेळापत्रक तिथीवर चालते, हे किनाऱ्यावरच्या माणसाला ठाऊक असते. देशावरच्या मुलांना ते नवे वाटते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास भरतीला उधाण येते आणि ओहोटीही लांबवर जाते. अष्टमी-नवमीच्या सुमारास पाण्याचा चढ-उतार सर्वांत कमी असतो. ज्या अष्टमी-चतुर्दशीला घरात हिरवी भाजी होत नाही, त्याच तिथींच्या आसपास समुद्रही आपली चाल बदलतो, हे मुलांना दाखवून देण्यासारखे आहे. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. सामायिकाचा अवधी अठ्ठेचाळीस मिनिटांचा असतो, तेव्हा समुद्र रोज साधारण एका सामायिकाइतका उशीर करतो, असे सांगितल्यास लहान मूलही ते विसरणार नाही. मुलांनी एक वही घालावी, तिथी आणि भरतीची वेळ रोज लिहावी आणि चार दिवसांनी फरक काढावा. हिशेबाची गोडी लावण्याचा याहून सुखद मार्ग विरळा.

हा खेळ फुदम गावाजवळच्या गंगेश्वर येथे विशेष रंगतो. तेथे खडकातील पाच शिवलिंगांवर भरतीच्या लाटा येऊन आदळतात आणि परततात. ओहोटीच्या वेळी गेल्यास खडक निसरडे असतात, म्हणून वृद्धांनी पायऱ्यांवरूनच पाहावे.

सकाळ, दुपार, संध्याकाळ

मुलांच्या पोहण्यासाठी दोन किनारे सोयीचे आहेत. घोघला येथील किनाऱ्याला २०२० साली स्वच्छता व सुरक्षिततेसाठीचे ‘ब्लू फ्लॅग’ हे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले. नागवा येथील किनारा अर्धचंद्राकृती असून तेथे पाण्यावरच्या खेळांची सोय आहे. त्याच्या काठावर ‘होका’ नावाची ताडाची जात दिसते. साधारण ताडाला एकच खोड असते, होक्याला मात्र फांद्या फुटतात. सूर्योदयानंतर किनाऱ्यावर फिरून यावे, तोवर नवकारसीची वेळ होते. ऊन चढण्यापूर्वी पोहणे आटोपते आणि दुपार किल्ल्याजवळची इमारत पाहण्यास किंवा विश्रांतीस मोकळी राहते.

संध्याकाळची चिंता बहुतेक कुटुंबांना असते. नोव्हेंबरात येथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मे महिन्यात सव्वासातच्या आसपास. हिवाळ्यात पाच वाजता भोजन उरकून किनाऱ्यावर आल्यास सूर्यास्त निवांतपणे पाहता येतो. जेवणासाठी सूर्यास्तानंतर उपाहारगृहांत होणाऱ्या गर्दीत मुलांना ताटकळत ठेवावे लागत नाही. चौविहार येथे अडचण ठरत नाही, उलट संध्याकाळ मोकळी करून देतो. स्वयंपाकघराची सोय असलेले निवासस्थान घेतल्यास कंदमुळांचा प्रश्नही सुटतो. खाखरे, मेथीचे ठेपले व सुकी चटणी सोबत असावी.

एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. शेजारच्या गुजरातेत दारूबंदी आहे, दीवमध्ये नाही. त्यामुळे बाजारपेठेत आणि नागव्याच्या काही भागांत मद्यालये आहेत. निवास निवडताना हे आधी विचारून घ्यावे. दिवाळी ते लाभपंचमी या दिवसांत गुजरातची दुकाने बंद असल्याने येथे अतोनात गर्दी होते. कार्तिकी पौर्णिमेनंतर फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तेव्हा पाण्यात उतरू नये.

शंख-शिंपल्यांचा मोह

किनाऱ्यावर मुलांचा हात प्रथम शंखाकडे जातो. येथे थोडे थांबवावे. रिकामा दिसणारा शंख कित्येकदा रिकामा नसतो. संन्यासी खेकडा नावाचा जीव दुसऱ्याने टाकलेल्या शंखात घर करून राहतो आणि वाढला की मोठा शंख शोधतो. शंख उचलून नेणे म्हणजे कोणाचे तरी पुढचे घर नेणे. ओहोटीनंतर खडकांतील डबक्यांत असे अनेक जीव दिसतात. हात न लावता, बसून पाहण्याचा खेळ मुलांना शिकवावा. दहा मिनिटे स्थिर बसलेल्या मुलाला जे दिसते, ते धावणाऱ्याला दिसत नाही. ‘जीवदया’ हा शब्द पाठशाळेत अनेकदा ऐकलेला असतो. येथे तो डोळ्यांसमोर चालू लागतो.

बेटाच्या पश्चिम टोकाला वणाकबारा हे मच्छीमारांचे बंदर आहे. जैन कुटुंबांनी तेथे आवर्जून जाण्याचे कारण नाही. परंतु त्या लोकांविषयी मुलांसमोर तुच्छतेने बोलणेही योग्य नाही. आपला आचार आपण पाळावा, दुसऱ्याचा अनादर करू नये.

किल्ल्यात व्यापाराची गोष्ट

बेटाच्या पूर्व टोकाचा किल्ला पाहण्यास किमान दोन तास ठेवावेत. मोगल बादशहा हुमायूनच्या आक्रमणामुळे अडचणीत आलेल्या गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने १५३५ मध्ये पोर्तुगिजांशी करार केला आणि त्यांना येथे किल्ला बांधू दिला. दोनच वर्षांत, १५३७ मध्ये, दीवच्या समुद्रातच पोर्तुगिजांशी झालेल्या झटापटीत सुलतानाचा अंत झाला. १५३८ आणि १५४६ चे वेढे सोसून हा किल्ला पोर्तुगिजांकडेच राहिला, तो १९ डिसेंबर १९६१ पर्यंत. तटावरील तोफा आणि पाण्यातील पाणीकोठा पाहून मुले हरखून जातात. जवळच्या नायडा गुंफा दगड काढल्यामुळे तयार झाल्या आहेत. वरून झिरपणाऱ्या प्रकाशात त्या फार सुंदर दिसतात.

व्यापारी घराण्यांना जवळची वाटावी अशी हकीकत मात्र वेगळी आहे. १६८६ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने दीवच्या वणिक महाजनांच्या मंडळीला आफ्रिकेतील मोझांबिकशी व्यापाराचा मक्ता दिला. गुजराती कापड तिकडे जाई आणि मोबदल्यात प्रामुख्याने हस्तिदंत येई. त्या सागरी व्यापारात गुलामांचीही ने-आण होत असे. बुद्धी, धाडस आणि विश्वास यांच्या बळावर समुद्रापार पेढ्या चालवणाऱ्या त्या महाजनांचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु श्रावकाने वर्ज्य मानलेल्या पंधरा कर्मादानांत ‘दंतवाणिज्य’ येते, आणि माणसे व पशू यांच्या विक्रीचे ‘केशवाणिज्य’ही येते. प्रतिक्रमणात ही नावे दरवेळी उच्चारली जातात. ती कोणत्या व्यवहारासाठी योजली गेली, हे या किल्ल्याच्या तटावर उभे राहिल्यावर नेमके कळते.

वडिलांनी ही गोष्ट मुलांना सांगावी आणि त्यांना एक प्रश्न विचारू द्यावा : आपल्या दुकानात काय विकले जाते, ते कोठून येते, ते बनवताना कोणाला काय सोसावे लागते? व्यापारी वडिलांशी हा संवाद करण्यास मुलांना वर्षभर सवड मिळत नाही. दुकानाच्या गल्ल्यापासून दूर, निवांत समुद्रकाठी तो सहज घडतो.

स्मारक आणि तीर्थ

चक्रतीर्थाजवळ ‘खुकरी’ या युद्धनौकेचे स्मारक आहे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री पाकिस्तानी पाणबुडीच्या हल्ल्यात ही नौका दीवपासून काही अंतरावर बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक हुतात्मा झाले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडली नाही. येथे मुलांना थोडा वेळ शांत उभे राहू द्यावे.

दीव गावात नवलखा पार्श्वनाथांचे देरासर आहे, त्यामुळे पूजेचा क्रम सहज चालतो. सुमारे पंधरा किलोमीटरवर उना गाव आहे. सम्राट अकबराने ज्यांना फत्तेपूर सिक्रीस आदराने बोलावले आणि ज्यांच्या उपदेशाने पर्युषणात प्राणिवधाची मनाई केली, त्या जगद्गुरू आचार्य हीरविजयसूरींचा स्वर्गवास विक्रम संवत १६५२ मध्ये उना येथे झाला. त्यांचे समाधिस्थान तेथे आहे. उन्याजवळच अजाहरा पार्श्वनाथ हे प्राचीन तीर्थ आहे. अजयपाल राजा येथे रोगमुक्त झाल्याची कथा परंपरेने सांगितली जाते. एका दिवसात दोन्ही ठिकाणे पाहून संध्याकाळच्या भोजनापूर्वी बेटावर परतता येते.

चार दिवसांचा बेत असा ठेवावा : पहिला दिवस घोघला व गाव, दुसरा किल्ला व नायडा, तिसरा उना व अजाहरा, चौथा नागवा आणि गंगेश्वर. रोज संध्याकाळी पाचला भोजन, त्यानंतर किनारा. आजोबांनी तिथी सांगावी, नातवाने भरतीची वेळ वहीत लिहावी. घरी परतताना मोटारीत सारे बसलेले असतील आणि घरी कोणाला ठेवून आलो याची रुखरुख कोणाच्या मनात नसेल.