भुकटीची तहान आणि बुऱ्हाणपूरचं पाणी

बाळाचं एक कोरं डायपर कात्रीनं उभं कापा आणि कागदावर झटका. कापसाच्या पुंजक्यातून पिठीसाखरेहून थोडे जाडसर दाणे गळतील. चमचाभर दाणे पेल्यात घेऊन अर्धा पेला पाणी ओता. मिनिटभरानं पेला उलटा धरला तरी थेंब पडत नाही. आता त्या लगद्यात चमचाभर मीठ घालून ढवळा. लगदा ढासळतो, पाणी सुटतं. ही मिठाची गंमत लक्षात ठेवा, पुढे केळीच्या बागेत तिचं काम आहे.

हे दाणे सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटचे. लांबच लांब रेणूसाखळ्या, गोधडीला घालावेत तसे जागोजागी टाके घालून एकमेकींना जोडलेल्या. पाणी लागताच साखळीवरचे सोडियमचे आयन सुटे होतात. मागे राहिलेले ऋणभारित गट एकमेकांना दूर ढकलतात आणि गुंडाळलेली साखळी उलगडते. दाण्यात आयनांची दाटी, बाहेर विरळ, म्हणून मनुका फुगावी तसं पाणी आत ओढलं जातं. टाके नसते तर सगळं विरघळून गेलं असतं. टाके आहेत म्हणून फक्त फुगतं, आणि स्पंजासारखं पिळूनही सुटत नाही. शुद्ध पाणी असेल तर दाणा वजनाच्या शेकडो पट पाणी पितो. लघवीइतकं खारट पाणी असेल तर 30 ते 50 पटींवर थांबतो.

याच जातीचा पदार्थ जमिनीखालच्या केबलमध्ये शिरलेलं पाणी जागीच अडवतो. फुलदाणीतले रंगीत मणीही त्यातलेच. ते मात्र लहान मुलांच्या हाती देऊ नयेत. गिळलेला मणी आतड्यात फुगून वाट अडवतो.

डायपरमध्ये हा पदार्थ पुढे 1980 च्या दशकात आला. त्याआधी अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पिओरिया येथील प्रयोगशाळेत मक्याच्या स्टार्चपासून असा पदार्थ बनला, तेव्हा शेतीचा विचार होताच. आपल्याकडे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं सेल्युलोजवर आधारित ‘पुसा हायड्रोजेल’ काढलं. ते वजनाच्या 350 पट पाणी धरतं आणि एकरी एक-दोन किलो पुरतं, असं सांगतात.

बुऱ्हाणपूरच्या केळीवाल्यानं इथे जरा हिशेब मांडावा. दोन किलो गुणिले 350 म्हणजे 700 लिटर. पाच बाय पाच फुटांवर एकरी सतराशेच्या वर झाडं बसतात. झाडागणिक वाट्याला येतं अर्धा लिटरही नाही, आणि वैशाखात भरात आलेली केळी दिवसाला 15-20 लिटर मागते. म्हणजे ठिबक बंद ठेवून चालायचं नाही. फायदा आहे तो लावणीच्या वेळी. टिश्यूकल्चरच्या कोवळ्या रोपाची मुळं अजून वीतभरही पसरलेली नसतात. खड्ड्यात थोडी भुकटी मातीत कालवली, तर दोन पाण्यांमधला कोरडा काळ रोप काढून नेतं. हा फायदाही मुरमाड, हलक्या रानात जास्त. तापीकाठची काळी माती मुळातच पाणी धरून फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिला आणखी एक पाणीधरू कशाला?

दुसरी अडचण पाण्याचीच. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मोगलांनी सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी भुयारांतून गावात आणलं, तो कुंडी भंडारा आजही आहे. त्याच्या भिंतींवर चुन्याची पुटं चढलेली दिसतात, म्हणजे इथल्या पाण्यात कॅल्शियम आहे. मिठानं दाण्याच्या आतबाहेरचा फरक पुसला जातो, एवढंच. कॅल्शियम त्याहून खोडकर. त्याचा एक आयन दोन गटांना एकदम धरतो, म्हणजे साखळीला नवेच टाके पडतात. हे टाके सहजी उसवत नाहीत, त्यामुळे जड पाण्यात दाण्याची भूक मोसमागणिक मंदावते. पाकिटावरचा 350 चा आकडा मात्र शुद्ध पाण्याचा असतो.

तेव्हा भुकटी घेण्याआधी दोन सारखे पेले घ्या. दोन्हींत अर्धा-अर्धा ग्रॅम भुकटी. एकात पावसाचं पाणी, दुसऱ्यात तुमच्या बोअरचं, दोन्हींत पाव-पाव लिटर. तासाभरानं फडक्यातून गाळा आणि खाली पडलेलं पाणी मोजा.