बीएसची पदवी, डॉक्टरकीचे स्वप्न आणि ५४ महिने

मनीषनगरातील एका फ्लॅटमध्ये मागच्या पंधरवड्यात आम्ही एक फाईल चाळत बसलो होतो. वडील निवृत्तीला आलेले नोकरदार, इंदोऱ्यातून इकडे राहायला आलेले. मुलगी फिलिपाईन्समध्ये शिकते. ‘‘भाऊ, मुलगी डॉक्टर होईल ना?’’ एवढाच त्यांचा प्रश्न. फाईलमध्ये एजंटाचे रंगीत माहितीपत्रक होते, बँकेच्या कर्जाचे कागद होते आणि बीएस या पदवीची गुणपत्रिका होती. माहितीपत्रकावर ‘एमबीबीएस’ हा शब्द पानोपानी छापलेला. गुणपत्रिकेवर मात्र तो कुठेच नव्हता.

हे एका घरचे दुखणे नाही, म्हणून या विषयावर लिहिणे आम्हाला भाग पडले.

२०२४ साली २३ लाखांवर मुले नीटला बसली. १३ लाखांवर मुले पात्र ठरली आणि देशात एमबीबीएसच्या जागा होत्या एक लाखाच्या थोड्या वर. पात्र ठरला, पण प्रवेश नाही, असा लाखो मुलांचा हा जमाव. एजंटाचा धंदा याच जमावावर चालतो. ‘नीट पास आहे ना? मग झाले!’ असे तो सांगतो आणि ज्या घरात आजवर कोणी डॉक्टर झाला नाही, त्या घराला ते खरे वाटते.

फिलिपाईन्सची गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. तिथे अमेरिकेच्या धर्तीवर वैद्यकीय शिक्षण पदवीनंतर सुरू होते. तिथल्या १९५९ च्या कायद्यानुसार पदवीधरालाच वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळतो. म्हणून आपली मुले आधी बीएस करतात, मग एनमॅट ही प्रवेश परीक्षा देतात आणि त्यानंतर एमडीला अर्ज करतात. तिथली एमडी म्हणजे आपली एमबीबीएस आणि ती परंपरेने चार वर्षांची, म्हणजे ४८ महिन्यांची. तिथल्या लोकांसाठी ही व्यवस्था ठीकच आहे. घोळ होतो तो परत आल्यावर.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी नवे विनियम लागू केले. त्यानंतर परदेशात प्रवेश घेणाऱ्यांसाठी वैद्यकीय अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा हवा. त्यावर त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी. त्या देशात डॉक्टरकी करण्याचा परवाना मिळण्याची पात्रता हवी. मग भारतातली परीक्षा आणि पुन्हा १२ महिन्यांची इंटर्नशिप. हे सारे दहा वर्षांच्या आत. बीएसची वर्षे या ५४ महिन्यांत धरली जात नाहीत, कारण ते वैद्यकीय शिक्षणच नव्हे. एजंटाने बीएस आणि एमडीची बेरीज करून दाखवली. नियम ती बेरीज मानत नाही.

आणि बीएस घेऊन परत आले तर? आपल्याकडे एमबीबीएसला मधूनच प्रवेश नाही. पुन्हा नीट, पुन्हा पहिले वर्ष. दिलासा एवढाच की २०२२ पासून नीटला कमाल वयाची अट राहिलेली नाही. वाट बंद नाही, पण गेलेली वर्षे आणि गेलेले पैसे कोण परत देणार?

ज्यांची पदवी नियमात बसते, त्यांचीही कसोटी सोपी नाही. २००२ पासून परदेशी पदवीधरांची चाळणी परीक्षा आहे. ३०० पैकी १५० गुण लागतात. अलीकडच्या बहुतेक सत्रांत एक तृतीयांश मुलेही उत्तीर्ण झालेली नाहीत. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध पेटले, तेव्हा जीव वाचवून आलेल्या मुलांनाही इथल्या महाविद्यालयांत सामावून घेतले गेले नाही. शेवटच्या वर्षाच्या मुलांना २०२३ मध्ये एकदाच परीक्षेची संधी मिळाली, तीही न्यायालयात गेल्यावर.

आता पैशाचे बघू. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहे. केंद्राची परदेश शिष्यवृत्तीही तशीच. बारावीनंतर परदेशात डॉक्टरकी शिकणाऱ्या आमच्या मुलाला यातला एक रुपया मिळत नाही. उलट इथल्या खासगी महाविद्यालयात शासनाच्या प्रवेश फेरीतून राखीव जागा मिळाली, तर अनुसूचित जातीच्या मुलाला शिष्यवृत्ती मिळते आणि उत्पन्न मर्यादेबाहेर असले तरी फ्रीशिपमधून शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क मिळते. अभिमत विद्यापीठांत मात्र आरक्षण नाही. हा फरक किती पालकांना ठाऊक आहे? हक्काची फेरी पूर्ण होण्याआधीच घर गहाण टाकून विमानाचे तिकीट काढणारे पालक आम्ही पाहिले आहेत.

बाबासाहेबही कर्ज काढून, उपाशी राहून परदेशात शिकले, असे काही जण म्हणतील. खरे आहे. पण बाबासाहेबांनी कागद कसा सांभाळला तेही आठवा. १९१७ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. तेव्हा चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली होती. १९२० साली ते पुन्हा गेले, १९२३ साली डी.एस्सी. झाले. त्यांच्या त्यागाचे गोडवे आम्ही गातो. त्यांची ही सावधगिरी मात्र घेत नाही.

म्हणून पालकांना आमचे सांगणे आहे. पैसे भरण्याआधी चार गोष्टी एजंटाकडून नव्हे, थेट महाविद्यालयाकडून लेखी घ्या. निव्वळ वैद्यकीय अभ्यासक्रम किती महिन्यांचा? इंटर्नशिप तिथेच होणार का? तिथला परवाना परदेशी विद्यार्थ्याला मिळतो का? पदवीवर नेमके काय लिहून येणार? कोणी अभ्यासक्रम वाढवल्याचे सांगत असेल, तर तेही कागदावर मागा आणि आयोगाच्या नियमाशी स्वतः ताडून पाहा.

आणि समाजातील डॉक्टरांना, प्राध्यापकांना, वकिलांना आमची विनंती आहे. मेडिकल आणि मेयोतून शिकून निघालेले आमचे कितीतरी डॉक्टर आज याच शहरात आहेत. निकाल लागल्यानंतरचे चार रविवार विहारात बसा. मुलांचे कागद बघा, फेऱ्या समजावून सांगा. एजंट घरोघर पोहोचतो आणि आमचा डॉक्टर पोहोचत नाही, ही शरमेची गोष्ट आहे.

मनीषनगरच्या त्या बापाला आम्ही खरे ते सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘दोन वर्षांआधी कोणी सांगितलं असतं तर!’’ हे वाक्य पुढच्या निकालानंतर दुसऱ्या कुठल्या घरात ऐकायला मिळू नये. जयभीम.