पान कोरं, चूक कुठे?
म्हसळ्यात सातबारा उघडताना पडदा कोराच राहिला की पहिला संशय रेंजवर जातो. पण बाकीच्या साइट चालत असतील आणि उत्तरात ५०० हा कोड येत असेल, तर बिघाड सर्व्हरवरच. चूक मुद्दाम झाकलेली असते, फायलींचे मार्ग आणि डेटाबेसची नावं उघड्यावर येऊ नयेत म्हणून. ते योग्यच आहे. साइट सांभाळणाऱ्याने ती वाचायची सर्व्हरवरच्या एरर लॉगमध्ये. साइट पीएचपी या भाषेत लिहिलेली असेल तर एक फसगत हमखास होते: चाचणीपुरती चुका दाखवण्याची आज्ञा त्याच फायलीत लिहिली आणि तिथेच एखादा अर्धविराम सुटला, तर फाइल चालतच नाही, मग आज्ञा कोण पाळणार? ती पीएचपीच्या सेटिंग फायलीत हवी. लॉगही रिकामा असेल तर डिस्क भरली आहे का, लॉगमध्ये लिहायची परवानगी आहे का, हे पाहा.