एक्सप्लेनर : चर्चच्या आधी गाव का वसवावं लागलं? जालन्याजवळच्या 'बेथेल'चा इतिहास

वाशिमहून जालना आज काही तासांवर आहे. पण 1853 च्या करारानंतर वऱ्हाड इंग्रजांकडे गेलं आणि जालना निजामाकडेच राहिलं. जालन्यात हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. (याच फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी वऱ्हाड हातचं गेलं.) तिथे 1860 च्या दशकात रेव्हरंड नारायण शेषाद्री काम करत होते.

कोण होते शेषाद्री?

जन्माने ब्राह्मण. 1843 मध्ये मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे गेला, तेव्हा प्रकरण सुप्रीम कोर्टात पोहोचलं आणि मुलगा वडिलांच्या ताब्यात देण्यात आला. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावं, ही बाजू 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांनी घेतली. सनातनी मंडळी त्यांच्यावर तुटून पडली. त्या काळात धर्म सोडणं म्हणजे घर आणि जात दोन्ही सोडणं, हे नारायणरावांनी स्वतःच्या घरातच पाहिलं होतं.

मग वेगळं गाव कशासाठी?

जालन्यात त्यांच्याकडे आलेले लोक मुख्यतः मांग (मातंग) समाजाचे. दोर वळणं, वाजंत्री वाजवणं ही गावकीतली कामं आणि त्यावर मिळणारं बलुतं, यावर त्यांचं पोट. धर्म बदलला की हा आधार धोक्यात. नुसती प्रार्थनेची जागा बांधून हा प्रश्न सुटणारा नव्हता. जमीन हवी होती. ती निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून मिळाली आणि 'बेथेल' वसलं. हिब्रूत या शब्दाचा अर्थ 'देवाचं घर'. दिवाण मुसलमान, पाद्री जन्माने ब्राह्मण आणि कसणारे मातंग! शाळेच्या पुस्तकात हा धडा का नाही, असा प्रश्न पडतोच.

शेषाद्री 1873 मध्ये न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल अलायन्स परिषदेलाही गेले होते. 1891 मध्ये त्यांचं निधन झालं.

आज याचा संबंध काय?

1950 च्या राष्ट्रपती आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती झालेल्या मातंगाला तो दर्जा मिळत नाही. या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी केंद्राने ऑक्टोबर 2022 मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला.