आरोग्यसेवा : दुखणे आणि उपाय

पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचाराविना राहू नये, असे भोर समितीने १९४६ साली सांगितले. आज सपाट भागात ३० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे. परंतु इमारत उभी राहिली म्हणजे सेवा मिळाली असे नव्हे. ग्रामीण भागात अनेक ठिकाणी डॉक्टरांची पदे रिक्त, औषधे अपुरी. मग मुरुमचा रुग्ण उमरगा, सोलापूर गाठतो. २०२१-२२ मध्ये देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के भार लोकांच्या खिशावर पडला. बँकेच्या खिडकीत बसणारे आम्ही, दुखण्यापायी मुदतीआधी मोडलेल्या ठेवी पाहतो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार मोठा. पण तो मुख्यतः दाखल रुग्णाला. रक्तदाब, मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या त्यात बसत नाहीत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले, हे स्वागतार्हच. मात्र गोळी कपाटातच नसेल तर 'निःशुल्क' शब्दाला अर्थ काय ?

म्हणून रिक्त पदे भरावीत, औषधसाठा दररोज फलकावर लिहावा. समाजबांधवांनी रुग्ण कल्याण समितीकडे हिशेब मागावा आणि विद्यार्थ्यांनी तो फलक वाचून वृद्धांना सांगावा. हक्क माहीत असेल तरच मागता येतो.